जवळच्या संस्थेला मदत करायची आहे, पण नेमकी कशी?

कवडसा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज लिहून टाकते.

गेल्या वर्षी मी आमच्या इमारतीतल्या सगळ्या घरांतून जुने कपडे गोळा केले. आठ मोठी पोती झाली. घरापासून चालत वीस मिनिटांवर बेघर लोकांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे, तिथे नेऊन दिली. तिथल्या बाईंनी हसून स्वागत केलं, प्यायला पाणी दिलं, "ठेवा ताई" म्हणाल्या. मी समाधानाने घरी आले. चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने गेले, तर मागच्या पडवीत माझी पोती तशीच पडलेली. मी बांधलेली निळी दोरी लांबूनही ओळखू आली. खालची दोन पोती पावसाने भिजून काळी पडली होती. राग नाही आला, पण फार वाईट वाटलं.

आता मी नोकरीतून मोकळी झाले आहे. शनिवार माझा आहे, दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढू शकते आणि मनापासून काहीतरी करायचं आहे. पण पुन्हा पडवीत सडणारी मदत नको. वेळ द्यावा की पैसे? वस्तू द्याव्यात की देऊच नयेत? संस्था धड आहे हे कसं ओळखायचं? ज्यांनी आतून काम पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

देवराई
कवडसाताई, तुमच्या पोत्यांचं वाचून पोटात तुटलं, कारण मी बरीच वर्षं त्या पडवीच्या आतल्या बाजूला उभी होते. तुमच्या त्या संस्थेत नव्हे, तशाच एका ठिकाणी.

आम्ही तिघीजणी सगळं बघायचो. एक पोतं उघडायचं म्हणजे बायकांचे, पुरुषांचे, मुलांचे कपडे वेगळे करायचे, मापं बघायची, फाटके, चेन गेलेले, न धुतलेले बाजूला काढायचे. दीड-दोन तास एका पोत्याला. आणि आमच्याकडे येणाऱ्या माणसांना हवं काय असायचं, तर कोरी अंतर्वस्त्रं, मोजे आणि पायात बसेल अशी चप्पल. जुन्या पोत्यांतून या तीन गोष्टी कधीच निघत नाहीत. मग "ठेवा ताई" का म्हणायचं? दाराशी इतक्या प्रेमाने आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. शिवाय एक भीती असते की आज नको म्हटलं, तर हा माणूस पुन्हा या दाराशी येणार नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर झालं की काय होतं त्याचं एक उदाहरण आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, ते डोक्यातून गेलेलं नाही. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. नुसतं काय काय आलंय याचा अंदाज यायला ५० माणसांना सहा महिने लागले. सहज ओळखू येतील अशी औषधं जेमतेम ३० टक्के होती. काहींची मुदत संपलेली, काही थंडीने गोठून वाया गेलेली, कितीतरी खोक्यांवरची भाषा तिथल्या कुणालाच वाचता येत नव्हती. अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम काढले. त्यांचा गाभा साधा आहे: घेणाऱ्याला आधी विचारा, त्याने मागितलेलंच पाठवा, आणि औषध पोचेल तेव्हा किमान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या.

तुम्हीही आधी फोन करा. पण "काही हवंय का?" असं विचारू नका, "काहीही चालेल हो" असंच उत्तर येईल. विचारा, "गेल्या महिन्यात कशावाचून तुमचं काम अडलं?" मला कुणी हे विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, प्रिंटर बंद पडलाय, बुधवारी दुपारी फोनवर बसायला माणूस नाही आणि विजेचं बिल थकलंय. तीनही गोष्टी कुणीतरी सहज करू शकलं असतं. कुणाला माहीतच नव्हत्या.

गलबत
देवराईताईंशी शंभर टक्के सहमत. माझं मत स्पष्ट आहे: पैसे द्या, आणि दर महिन्याला द्या. रक्कम कितीही लहान असो. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली छोटी रक्कम देणारा संस्थेला जास्त उपयोगी, कारण त्यावर पुढचं आखता येतं. शिक्षिकेला "पुढच्या सहामाहीतही तुमचं काम आहे" असं सांगता येतं. वस्तू नेऊन देणं आपल्याला आवडतं, कारण आपण दिलेलं डोळ्यांना दिसतं. पैशांचं तसं दिसत नाही, म्हणून हात आखडतो.

सांजवात
गलबतदादा, सगळ्यांकडे महिनाअखेरीला काही उरतंच असं नाही. माझ्याकडे नाही उरत. पण रविवारचे तीन तास आहेत आणि ते मी चार वर्षं देते आहे. पैसेच द्या असं म्हटलं की आमच्यासारख्यांना वाटतं, आपल्या हातात द्यायला काही नाही.

गलबत
सांजवातताई, तुमचं बरोबर आहे, माझं वाक्य अर्धवट होतं. चार वर्षं दर रविवारी येणारं माणूस ही संस्थेची केवढी मोठी ठेव आहे! मला म्हणायचं होतं ते वस्तू की पैसे एवढ्यापुरतं. तुम्ही काय करता तिथे? लिहाल का?

सांजवात
अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसते आणि परीक्षा नसतील तेव्हा पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते.

लेखनिकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ही गरज जवळपास सगळीकडे असते आणि फार कमी लोक पुढे येतात. परीक्षा सकाळी असते, लोक कामावर असतात आणि विद्यार्थी आदल्या रात्रीपर्यंत फोन फिरवत असतात. काम सोपं वाटतं पण नाही. प्रश्न सावकाश आणि स्वच्छ वाचायचा, मागतील तितक्या वेळा वाचायचा. आकृती असेल तर आधी तिच्यात काय काय आहे ते शब्दांत सांगायचं. आणि ते जे सांगतील तेच लिहायचं. उत्तर चुकतंय हे मला दिसत असतं, हात थरथरतो, तरी दुरुस्ती करायची नाही. सुस्कारासुद्धा टाकायचा नाही, कारण समोरच्याला तो ऐकू जातो आणि तो उत्तर बदलतो. पहिल्या वर्षी एकदा माझ्याकडून "हं?" असं निघून गेलं. त्या मुलीने बरोबर असलेलं उत्तर खोडायला लावलं. बाहेर आल्यावर तिने मला समजावलं, न रागावता. तेव्हापासून ओठ मिटून बसते.

ध्वनिमुद्रणात पानाचा क्रमांक वाचायचा, तळटीप कुठे वाचायची ते आधी ठरवायचं, कोष्टक असेल तर ओळीने वाचायचं की स्तंभाने हे सांगायचं. नाट्यमय वाचायची गरज नाही. पंखा मात्र बंद ठेवायचा.

घराबाहेर पडता येत नसेल त्यांच्यासाठी: 'बी माय आइज' नावाचं अ‍ॅप २०१५ मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालं. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल करते आणि आपण तिला कपाटातल्या दोन बाटल्यांपैकी कुठली कसली आहे, औषधावरची तारीख काय आहे, असं सांगायचं. दोन मिनिटांचं काम. हात जोडून सांगते, हे घ्याच.

मुळाक्षर
चांगला धागा. माझा एक नियम आहे, जी संस्था "तुमचा सगळाच्या सगळा पैसा गरजूंपर्यंत जातो" असं सांगते तिलाच मी देतो. पगार, ऑफिस, गाडी यांवर खर्च करणाऱ्यांना देणं जिवावर येतं. आपण घाम गाळून कमावतो.

ताळेबंद
मुळाक्षर, तुमची भावना समजते. पण मी संस्थांचे हिशेब तपासण्याचं काम करतो, म्हणून थोडं उलट बोलतो.

अंधशाळेतली शिक्षिका, रुग्णाला घरी जाऊन औषध देणारी परिचारिका, बेघर माणसाला कागदपत्रं मिळवून देणारा कार्यकर्ता, यांचा पगार हेच त्या संस्थेचं काम आहे. तो 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापला तर उरतं काय? एखादी संस्था शंभर टक्के पैसा थेट पोचतो म्हणत असेल, तर भाडं, वीज, हिशेबनीस यांचे पैसे कुठून तरी दुसरीकडून येत असतात. कुणी एक मोठा दाता ते उचलत असेल तर उत्तम. ते विचारून घ्या.

अमेरिकेत संस्थांची माहिती आणि गुणांकन देणाऱ्या तीन मोठ्या यंत्रणा होत्या, गाइडस्टार (२०१९ पासून 'कॅन्डिड'चा भाग), चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स. त्यांनी २०१३ मध्ये मिळून दात्यांना जाहीर पत्र लिहिलं की केवळ वरखर्चाच्या, म्हणजे पगार, भाडं, ऑफिस अशा खर्चाच्या, टक्केवारीवरून संस्था जोखू नका. लक्षात घ्या, हीच टक्केवारी लोक त्यांच्याकडे बघायला येत होते. कारण असं की वरखर्च कमी दाखवण्याच्या दडपणाखाली संस्था संगणक घेत नाहीत, माणसांना प्रशिक्षण देत नाहीत, हिशेबाला माणूस ठेवत नाहीत आणि मग एक दिवस खरोखरच घोळ होतो. मी असे घोळ निस्तरले आहेत. त्यातल्या बहुतेक ठिकाणी चोरी नव्हती. एकच थकलेला माणूस सगळ्या पावत्या बुटांच्या खोक्यात ठेवत होता.

मी स्वतः देणगी देताना काय बघतो ते सांगतो. आधी नोंदणी आहे का, आणि नोंदणीच्या नावाचंच बँक खातं आहे का. माणसाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागितले की तिथेच थांबायचं. मग लागोपाठ तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतो. एका वर्षाच्या कागदावरून काही कळत नाही, तीन वर्षं शेजारी ठेवली की गोष्ट दिसते. विश्वस्तांत सगळे एकाच घरातले आहेत का, आणि संस्था ज्याला भाडं देते तो विश्वस्तांचाच कुणी आहे का, हे बघतो. राखीव निधी किती महिन्यांना पुरेल हेही. अजिबात नसेल तर संस्था एका वाईट महिन्यात बंद पडेल. वर्षानुवर्षं साचतच चालला असेल, तर माझ्या पैशांची तिथे आत्ता गरज नाही. वार्षिक अहवालात एक तरी फसलेला उपक्रम प्रामाणिकपणे लिहिलेला सापडला की माझा विश्वास वाढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न विचारल्यावर ते चिडतात का.

एक विनंती. देणगी देताना "फक्त अमुक वस्तूसाठीच वापरा" अशी अट शक्यतो घालू नका. अशा अटींच्या पैशांनी खाती भरलेली असतात आणि विजेचं बिल भरता येत नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुळाक्षर
ताळेबंद, हे मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं. मी देतो त्या संस्थेला वरखर्च कोण उचलतं ते उद्या विचारतो. आणि अट काढून टाकतो. धन्यवाद.

उंबरा
मी सहसा फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं कारण मी स्वतः बालगृहात वाढलो आहे.

आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पाहुणे यायचे. खूप चांगले लोक. खेळायचे, गाणी म्हणायचे, खेळणी आणायचे, फोटो काढायचे. जाताना लहान मुलांना कडेवर घेऊन म्हणायचे, "परत येऊ हं." त्यांना ते खरंच वाटत असणार. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला 'परत येऊ' म्हणजे परत येणार. पुढच्या सुट्टीला आमच्यातली धाकटी पोरं फाटकाशी जाऊन बसायची. दुसरेच कुणी यायचे. काही दिवसांनी पोरं फाटकाशी बसायची थांबायची. ते थांबणं मला अजून आठवतं.

आणि एक सर आठवतात. ते दर बुधवारी संध्याकाळी गणित शिकवायला यायचे. सहा वर्षं. खाऊ नाही, खेळणी नाहीत. येता येणार नसेल तर आधीच्या बुधवारी सांगायचे. कुणाचे अपूर्णांक कच्चे आहेत हे त्यांना पाठ असायचं. आज मी आकड्यांवरच पोट भरतो.

आणखी एक. अशा घरांत राहणाऱ्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, हयात असतात. माझी आई होती. गरिबीमुळे तिने मला ठेवलं होतं. काही देशांत तर परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं घरातून उचलून बालगृहात भरण्याचे प्रकार झाले, इतके की ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना यालाही शोषण मानलं. म्हणून देणगी देताना बालगृहाला जरूर विचारा, मुलं आपल्या घरी परत जावीत यासाठी तुम्ही काय करता? चांगलं बालगृह या प्रश्नाने खूश होतं. आणि जवळपास एखादी संस्था गरीब आईला मूल आपल्याजवळच ठेवता यावं म्हणून मदत करत असेल, तर कृपा करून आधी तिला द्या.

कवडसा
उंबरादादा, काय लिहू कळत नाही. फाटकाचं वाचून खूप वेळ थांबले. आम्ही ऑफिसातून दोनदा अशी 'भेट' दिली आहे, फोटोही आहेत. लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

रानजाई
उंबरा यांचा प्रतिसाद प्रत्येक स्वयंसेवकाने वाचायला हवा.

मी एका संस्थेत स्वयंसेवकांचं वेळापत्रक बघते. त्याला जोडून सांगते. मुलांबरोबर किंवा वृद्धांबरोबर काम करायचं म्हटलं की आम्ही ओळखपत्र मागतो, दोन ओळखीच्या माणसांशी बोलतो, कायद्याने लागते ती पडताळणी करतो आणि पहिले काही आठवडे कुणाला एकटं सोडत नाही. काहींना अपमान वाटतो. कृपया वाटून घेऊ नका. जी संस्था पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या हाती मुलं सोपवते, तिच्याबद्दल काळजी वाटायला हवी.

सुरुवात लहान करा. "आठवड्यातून तीन दिवस येईन" म्हणणारे बहुतेक दुसऱ्या महिन्यात थकतात. महिन्यातून दोन शनिवार म्हणा आणि ते पाळा. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांना डायलिसिससाठी गाडीने न्यावं लागतं. चालक स्वयंसेवक न सांगता आला नाही तर त्यांचं काय होतं, हे मी दोनदा अनुभवलंय.

बिनचेहऱ्याची कामंही मागून घ्या. दानपावत्या लिहिणं, फायली लावणं, धान्याच्या पाकिटांवरच्या तारखा बघून जुनी पुढे नवी मागे लावणं, नळ दुरुस्त करणं, अर्ज भरून देणं. फोटोत न येणाऱ्या या कामांना माणूस मिळत नाही.

कंदील
नेत्रदानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ही पैसे आणि वेळ दोन्ही नसणाऱ्यालाही करता येणारी देणगी आहे.

आई पहाटे गेली. फॉर्म तिने कधीच भरला होता, पण त्या क्षणी घरात कुणाला आठवलं नाही. धाकट्या बहिणीला आठवलं, तिने नेत्रपेढीला फोन लावला. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं: पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) काढावं लागतं, म्हणून घाई असते. ते लोक आले, अर्ध्या तासात काम झालं, चेहऱ्यावर काहीही खूण नव्हती. आईचा मोतीबिंदू काढलेला होता, चष्मा होता, मधुमेह होता. यांतलं काहीच आड आलं नाही. नेत्रपटलाचं पहिलं यशस्वी रोपण १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी केलं, म्हणजे ही काही नवी किंवा अवघड गोष्ट नाही. अडतं ते फक्त फोन करण्यावाचून.

फॉर्म भरला असेल तर घरच्यांना सांगा, आणि नेत्रपेढीचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. संमती शेवटी घरच्यांचीच लागते.

तांबडफुटी
कंदील, आईंना नमस्कार.

रक्तदानाबद्दल मी भर घालते, रक्तपेढीत काम करते. मोठा अपघात किंवा हल्ला झाला की दाराबाहेर रांगा लागतात. डोळे भरून येतात ते पाहून. पण तांबड्या पेशी शीतकपाटात फार तर ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स पाच ते सात दिवस. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लोकांनी भरभरून रक्त दिलं आणि त्यातलं खूपसं मुदत संपल्याने टाकून द्यावं लागलं. कारण त्या दिवशी रुग्णांना वाचवलं ते आदल्या दिवसांत साठवलेल्या रक्ताने. आज रांगेत उभं राहिलात की पुढचे दोन-तीन महिने तुम्हाला पुन्हा देता येत नाही, आणि नेमकं तेव्हा आमच्या कपाटात काही नसतं.

म्हणून रक्तपेढीत नाव आणि गट नोंदवून ठेवा आणि "तुम्हाला कमी असेल तेव्हा बोलवा" असं सांगा. सुट्ट्यांच्या हंगामात आणि सणांच्या आठवड्यात आम्हाला सगळ्यात जास्त ओढ लागते. प्लेटलेट्स देण्याची तयारी असेल तर ते मुद्दाम सांगा. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, म्हणून लोक टाळतात, आणि कर्करोगाच्या रुग्णांना त्याच सतत लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी १,१७३ वेळा दान केलं. त्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवात, एक दुर्मीळ प्रतिद्रव्य होतं, ज्यापासून गर्भातल्या बाळांना वाचवणारं औषध बनतं. २०१८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी नियमाप्रमाणे थांबावं लागलं, तोपर्यंत ते येत राहिले. त्यांना सुईची भीती वाटायची. सुई टोचताना ते कधीच तिकडे बघत नसत.

पायवाट
हेल्पलाइनवर ऐकण्याचं कामही सुचवतो. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी असा फोन लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूंनी १९५३ मध्ये सुरू केला. सुरुवातीला ते स्वतःच सगळ्यांशी बोलत. बाहेर थांबलेल्या लोकांशी तोवर गप्पा मारायला काही स्वयंसेवक बसवले होते. मग असं दिसू लागलं की त्यांच्याशी बोलूनच अनेकांचं मन हलकं होतंय, आत जाण्याची गरजच राहत नाही. आज जगभर साधी प्रशिक्षित माणसं हे काम करतात. मी करतो. काही आठवड्यांचं प्रशिक्षण असतं आणि त्यात मुख्यतः उपदेश न करायला शिकवतात. मला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्वतःचं दुःख ताजं असेल तर मात्र थोडं थांबून मग या.

गलबत
एक सावधगिरी. आपत्तीनंतर पहिल्या दोन दिवसांत फोनवर फिरणारे क्यूआर कोड आणि खातेक्रमांक डोळे झाकून पुढे पाठवू नका. खऱ्या संस्थेच्या नावात एखादं अक्षर बदलून खोटी पानं उघडलेली असतात. संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून जा, किंवा फोन करा. "आत्ताच, दहा मिनिटांत द्या" म्हणणाऱ्याला देऊ नका. पूर किंवा भूकंपग्रस्तांची गरज दहा मिनिटांत संपत नाही, घरं परत उभी राहायला वर्षं लागतात. मी माझी रक्कम अर्धी लगेच देतो आणि अर्धी सहा महिन्यांनी, बातम्या थांबल्यावर.

कवडसा
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले आहे. काय झालं ते सांगते.

त्याच संस्थेत गेले. आधी फोन केला आणि देवराईताईंनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडे जरा शांतता. मग त्या बाई म्हणाल्या, "खरं सांगू का?" आणि वीस मिनिटं बोलत होत्या. दोन वर्षं दानपावत्यांची नोंद वेळेवर होत नव्हती, त्यामुळे जुन्या दात्यांना पावत्याच गेल्या नव्हत्या आणि त्यातले बरेच तुटले होते. ज्यांना ओळखपत्र नाही म्हणून दवाखान्यात नाव नोंदवता येत नाही अशा लोकांचे अर्ज भरायला कुणी नव्हतं. मोजे हवे होते. आणि पडवीतल्या पोत्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

पोत्यांचं मीच म्हटलं. पहिले दोन शनिवार मी आणि शेजारच्या दोघीजणी पडवीत बसलो. माझी आठ आणि इतरांची अकरा. एकोणीस पोत्यांतून घालण्याजोगे कपडे सहा पोती निघाले. ते मापाप्रमाणे लावून खोक्यांवर नावं लिहिली. बाकी चिंध्या पुनर्वापरवाल्याने नेल्या. कुजलेलं फेकावं लागलं. माझ्या इमारतीतल्या ज्या घरांनी कपडे दिले होते, त्यांना मी जाऊन खरं काय झालं ते सांगितलं. मनात धाकधूक होती. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. सात घरांनी दर महिन्याला थोडी रक्कम द्यायचं कबूल केलं, अटीशिवाय. एका घरातले काका निवृत्त वीजतंत्री आहेत, ते येऊन दोन बंद दिवे लावून गेले.

तिसऱ्या शनिवारपासून मी अर्ज भरते. पहिल्या दिवशी एक गृहस्थ आले. नाव सांगितलं, जन्मतारीख माहीत नव्हती. वडिलांचं नाव विचारलं तर बराच वेळ गप्प राहिले, मग सांगितलं. मी ते लिहिल्यावर म्हणाले, एकदा वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. म्हणाले, परत एकदा. मग सही करायला पेन हातात घेऊन खूप वेळ बसून राहिले. मीही बसले.

ताळेबंददादा, पावत्यांच्या वहीत दोन वर्षांचा अनुशेष आहे आणि मला खातेवह्यांतलं फारसं कळत नाही. नोंदी कुठल्या रकान्यात करायच्या ते विचारायला तुम्हाला निरोप पाठवू का?

ताळेबंद
नक्की पाठवा कवडसाताई. दात्याचं नाव, पत्ता किंवा बँकेचा तपशील इथे उघड लिहू नका, फक्त वहीच्या रिकाम्या पानाचा फोटो काढून रकाने दाखवा. शनिवारी संध्याकाळी मी मोकळा असतो, लागलं तर फोनवर बसून पहिला महिना आपण दोघं मिळून उतरवू. एकदा एक महिना जुळला की बाकीचे तेवीस तुम्हाला एकटीला जमतील.

सांजवात
कवडसाताई, मोज्यांची मापं कळवाल का? आमच्या वाचनगटातल्या बायका विचारताहेत. कोरेच देऊ.

कवडसा
सांजवात, आज विचारून आले. पुरुषांचे मोठे माप सगळ्यात आधी, जाड सुती, गडद रंगाचे. चाळीस जोड आत्ता पुरेत. ठेवायला जागा एकाच खोक्याची आहे, संपले की मी पुन्हा सांगेन.